विहीर सोडून बोअर धरावी का? भिवापूर तालुक्यातील दोन पाणी-अहवालांचे वाचन

नागपूर जिल्ह्याच्या भिवापूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शेतात सुमारे ११ मीटर खोल जुनी विहीर आणि ९० मीटर खोल नवी बोअर आहे. मे महिन्यात दोन्हींचे पाणी तपासून घेतले असता विहिरीचा जलगुणवत्ता निर्देशांक ११५, म्हणजे ‘निकृष्ट’, आणि बोअरचा ७७, म्हणजे ‘चांगले’, असा निष्कर्ष मिळाला. घरच्यांचा अनुभवही त्याला दुजोरा देणारा आहे: बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते आणि साबणाला फेस चांगला येतो. तेव्हा बोअरचे पाणी पिण्यासाठी आणि मिरचीच्या ओलितासाठी घ्यावे व विहीर सोडून द्यावी का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की विहीर सोडू नये, बोअरचे पाणी आहे त्या स्थितीत पिऊ नये आणि शेताला तर ते एकटे मुळीच देऊ नये. विहिरीचे पाणीही आज पिण्यायोग्य नाही, परंतु ओलितासाठी ते बोअरपेक्षा कितीतरी चांगले आहे. निर्देशांकाने सांगितलेल्या गोष्टीच्या हे जवळजवळ उलट असल्यामुळे त्यामागची कारणे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

आपण पाठवलेले आकडे मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये असे आहेत. विहिरीत कॅल्शियम ११०, मॅग्नेशियम ५२, सोडियम ७४, पोटॅशियम २, बायकार्बोनेट ४१५, क्लोराइड १२४, सल्फेट ४८, नायट्रेट ९६ आणि फ्लोराइड ०.४; सामू ७.४ आणि विद्युत वाहकता १२२० मायक्रोसीमेन्स. बोअरमध्ये कॅल्शियम २४, मॅग्नेशियम १८, सोडियम १९२, पोटॅशियम १, बायकार्बोनेट ४७६, कार्बोनेट १२, क्लोराइड ७१, सल्फेट ३४, नायट्रेट ९ आणि फ्लोराइड १.८, सामू ८.५ आणि वाहकता १०४०.

या आकड्यांवरून काहीही ठरवण्याआधी ते विश्वासार्ह आहेत की नाहीत हे पाहिले पाहिजे. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असते, त्यामुळे धन आयनांची बेरीज आणि ऋण आयनांची बेरीज मिलीइक्विव्हॅलंटमध्ये जवळपास सारखी यावी लागते. त्यासाठी प्रत्येक आकड्याला त्या आयनाच्या तुल्यभाराने भागायचे: कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२.१५, सोडियमला २३, बायकार्बोनेटला ६१, क्लोराइडला ३५.५, सल्फेटला ४८, नायट्रेटला ६२. विहिरीची बेरीज १३.०५ विरुद्ध १२.८७ येते, बोअरची ११.०६ विरुद्ध ११.१५. फरक दोन्हीकडे १ टक्क्याच्या आत आहे. ५ टक्क्यांपर्यंत तो सर्वसाधारणपणे मान्य केला जातो. वाहकतेला १०० ने भागले की एका बाजूच्या बेरजेच्या आसपासचा आकडा यावा लागतो, तोही येथे येतो. तरीही प्रयोगशाळेला एक प्रश्न आवर्जून विचारावा, तो म्हणजे सोडियम फ्लेम फोटोमीटरवर प्रत्यक्ष मोजले की बाकीच्या आयनांच्या वजाबाकीतून काढले. वजाबाकीतून काढले असेल तर ताळा नेहमीच तंतोतंत जुळतो आणि त्या जुळण्याला काहीच अर्थ राहत नाही.

या ताळ्याचा मी इतका आग्रह धरतो, कारण तो न केल्याची किंमत एका शेतकऱ्याने मोजलेली मी पाहिली आहे, आणि चूक सर्वस्वी माझी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी उमरेडकडच्या एका बोअरच्या अहवालात ‘अल्कधर्मीयता, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ असा रकाना होता आणि घाईत मी तो आकडा बायकार्बोनेट म्हणून वापरला. कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपातील आकड्याला १.२२ ने गुणल्याशिवाय बायकार्बोनेट मिळत नाही. परिणामी अवशिष्ट सोडियम कार्बोनेटचे (ओलितासाठी पाणी योग्य की नाही हे सांगणारे माप, त्याविषयी पुढे) जे मूल्य प्रत्यक्षात ३ होते ते मी २ समजलो आणि ‘पाणी वापरण्यास हरकत नाही’ असे लिहून दिले. दोन हंगामांनी त्या रानात पाणी मुरेनासे झाले. मी आयनांचा ताळा पाच मिनिटे बसून केला असता, तर ऋण बाजू कमी पडत असल्याचे तेव्हाच दिसले असते. नायट्रेटबाबतही असाच घोटाळा होतो. काही प्रयोगशाळा ते ‘नायट्रोजनच्या रूपात’ देतात, आणि तेथे १० म्हणजे आपल्या मानकातील जवळपास ४५ होय.

आता पिण्याचा विचार करू. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० (२०१२) या मानकात बहुतेक घटकांसाठी दोन मर्यादा आहेत: एक स्वीकारार्ह, आणि दुसरी, पर्यायी स्रोतच उपलब्ध नसेल तर चालवून घेता येईल अशी कमाल. एकूण विद्राव्य क्षारांसाठी त्या ५०० आणि २०००, काठिण्यासाठी २०० आणि ६००, फ्लोराइडसाठी १.० आणि १.५ आहेत. नायट्रेटसाठी मात्र ४५ ही एकच मर्यादा असून तिला सवलत नाही. आपल्या विहिरीचे काठिण्य सुमारे ४९० आहे, म्हणजे पाणी जड आहे, डाळ शिजायला वेळ लागेल, भांड्यावर पांढरा थर बसेल. पण एवढ्या काठिण्याने आरोग्याची हानी होत नाही. तिचा खरा दोष ९६ मिलीग्रॅम नायट्रेट हा आहे. सहा महिन्यांखालील बाळाला या पाण्यात दूध-पावडर कालवून दिली तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटण्याचा धोका असतो. बोअरचे पाणी चवीला मृदू आहे, परंतु त्यातील १.८ मिलीग्रॅम फ्लोराइड कमाल मर्यादेच्याही वर आहे. ज्यांचे कायमचे दात अजून हिरडीखाली घडत आहेत, अशा साधारण आठ वर्षांखालील मुलांच्या दातांवर त्याचे डाग उमटू शकतात, आणि हे डाग नंतर जात नाहीत.

मग बोअरला ‘चांगले’ हा शेरा कसा मिळाला? भारित निर्देशांकात प्रत्येक घटकाला एक भार दिला जातो, मोजलेल्या मूल्याला मर्यादेने भागून टक्केवारी काढतात आणि सगळ्यांची सरासरी घेतात. आपल्या अहवालात दहा घटकांच्या भारांची बेरीज ३३ आहे आणि त्यात फ्लोराइडचा भार ४. म्हणून फ्लोराइड मर्यादेच्या १८० टक्के असूनही एकूण ७७ मध्ये त्याचा वाटा जेमतेम २२ भरतो, आणि क्लोराइड, सल्फेट, कॅल्शियम यांच्या कमी आकड्यांखाली तो झाकला जातो. उलट विहिरीच्या ११५ मध्ये काठिण्य, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि विद्राव्य क्षार या एकमेकांशी बांधलेल्या गोष्टी चार वेळा मोजल्या गेल्या आहेत. तालुक्यातील शेकडो विहिरींचा नकाशा रंगवायचा असेल, वर्षानुवर्षांचा कल पाहायचा असेल, तर निर्देशांक उपयोगी आहे. एका घराने कोणते पाणी प्यावे हे ठरवताना तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शरीराला सरासरी लागू पडत नाही. क्लोराइड कमी आहे म्हणून फ्लोराइडचा परिणाम कमी होत नाही.

आपल्या अहवालात एक मोठी उणीव आहे: जिवाणू तपासणी नाही. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलीलिटरमध्ये ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये, आणि उघड्या विहिरीबाबत ही तपासणी रासायनिक तपासणीच्याही आधी व्हायला हवी होती. विहिरीत नायट्रेटसोबत क्लोराइडही बोअरच्या पावणेदोन पट आहे. केवळ युरियामुळे नायट्रेट वाढते तेव्हा क्लोराइड सहसा इतके वाढत नाही. दोन्ही एकत्र वाढलेले दिसले की मी आधी उकिरडा, गोठ्यातून वाहणारे मूत्र आणि शौचालयाचा शोषखड्डा कोठे आहे ते पाहतो. यांपैकी काही विहिरीपासून १५ मीटरच्या आत किंवा चढाच्या बाजूला असेल तर ते हलवावे, विहिरीला कठडा आणि भोवती फरशी बांधून घ्यावी. टीसीएल पावडर जंतू मारते, नायट्रेट किंवा फ्लोराइड कमी करत नाही. उकळल्याने तर वाफ निघून जाते आणि हे दोन्ही घटक उरलेल्या पाण्यात अधिक दाट होतात. कँडल फिल्टर आणि अतिनील दिव्याचे यंत्र यांचाही यांवर उपयोग नाही.

दोन्ही पाणी मिसळून प्यावे का, हा विचार आपल्या मनात येईल, म्हणून त्याचे गणित सांगतो. बोअर ६० टक्के आणि विहीर ४० टक्के घेतल्यास नायट्रेट सुमारे ४४ आणि फ्लोराइड १.२४ येईल, कागदावर दोन्ही कमाल मर्यादेत बसतात. तरीही मी याची शिफारस करणार नाही, कारण नायट्रेट मर्यादेच्या अगदी कडेवर राहते, पहिल्या पावसानंतर जमिनीतून धुऊन आलेले नायट्रेट विहिरीत वाढू शकते, आणि विहिरीतील जिवाणूंचा प्रश्न तसाच राहतो. गावात तपासलेल्या स्रोताची नळयोजना असेल तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तेच पाणी घ्यावे. नसेल तर बोअरच्या पाण्यावर आरओ बसवून बाहेर येणाऱ्या पाण्यातील फ्लोराइड वर्षातून एकदा तपासावे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरीनेच (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेच) विकसित केली आहे; परंतु तुरटीची मात्रा पाण्याच्या अल्कधर्मीयतेवर ठरते आणि आपल्या बोअरची अल्कधर्मीयता ४१० आहे, त्यामुळे तुरटी भरपूर लागेल आणि पाण्यात ॲल्युमिनियम उरण्याची शक्यता राहील. घरी अंदाजाने हा प्रयोग करू नये. फ्लोराइड शोषून घेणारी सक्रिय ॲल्युमिनाही इतक्या सामूला आणि इतक्या बायकार्बोनेटमध्ये लवकर थकते.

बोअरमध्ये फ्लोराइड आले कोठून, हे समजले तर ओलिताचा भागही आपोआप उलगडतो. नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा या बाजूला, दख्खनचा काळा पाषाण (बेसॉल्ट) आहे. पूर्वेला आपल्याकडे मात्र प्रामुख्याने ग्रॅनाइटी पट्टिताश्म, म्हणजे पट्टेदार खडक (नीस), आहे. त्यातील कृष्णाभ्रक, हॉर्नब्लेंड, अपॅटाइट यांसारख्या खनिजांत फ्लोराइड असते. विहीर वरच्या झिजलेल्या मुरमात आहे; तेथे दर पावसाळ्यात नवे पाणी मुरते आणि पाण्याचा खडकाशी सहवास थोडा असतो. बोअरचे पाणी खालच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षे थांबलेले आहे. या काळात त्यातील कॅल्शियम एकतर चुनखडीच्या रूपाने खाली बसले किंवा मातीच्या कणांवर जाऊन त्याच्या जागी सोडियम पाण्यात आले. कॅल्शियम भरपूर असते तोवर ते फ्लोराइडला फ्लोराइट या खनिजाच्या रूपात बांधून ठेवते; ते घटले की फ्लोराइड मोकळे राहते. म्हणून मृदू, किंचित सोडामिश्रित चवीचे, सोडियम-बायकार्बोनेट प्रकारचे खोल पाणी दिसले की फ्लोराइड तपासल्याशिवाय ते पिऊ नये. डाळ लवकर शिजते तीही याच कारणाने. आपण डाळीत चिमूटभर सोडा टाकतो, तो या पाण्यात आधीच आहे.

आणि हाच सोडा काळ्या रानाचा शत्रू आहे. ओलिताच्या पाण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: एकूण क्षार किती, सोडियमचे प्रमाण किती आणि बायकार्बोनेट कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा किती जास्त. एकूण क्षारांचे माप म्हणजे वाहकता. ती दोन्हींची ७५० ते २२५० या गटात, म्हणजे अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दिलेल्या वर्गीकरणातील सी-३ (जास्त क्षारता) मध्ये पडते. मिरची क्षारांना मध्यम संवेदनशील असून पाण्याची वाहकता १००० च्या पुढे गेल्यावर तिच्या उत्पन्नात घट सुरू होऊ शकते. त्यामुळे विहिरीच्या १२२० वाहकतेचे पाणीही पाटाने साचवून देण्यापेक्षा निचरा असलेल्या सरी-वरंब्यावर द्यावे.

सोडियम शोषण गुणोत्तर, म्हणजे एसएआर, विहिरीचे १.५ आणि बोअरचे ७.२ येते. अनेक अहवालांत ‘१० पेक्षा कमी, म्हणजे उत्तम’ असे छापलेले असते. पण १९५४ च्या त्याच वर्गीकरणाच्या मूळ आलेखातील सीमारेषा तिरप्या आहेत. वाहकता १००० च्या पुढे गेल्यावर उत्तम गटाची वरची सीमा साडेपाचच्या आसपास उतरते. म्हणून बोअरचे पाणी प्रत्यक्षात मध्यम सोडियम धोक्याच्या, एस-२ गटात आहे. त्याहून महत्त्वाची बाब अवशिष्ट सोडियम कार्बोनेटची, म्हणजे आरएससीची. कार्बोनेट व बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची, सगळे मिलीइक्विव्हॅलंटमध्ये. १.२५ पर्यंत पाणी निर्धोक, २.५ पर्यंत सीमारेषेवर, त्यापुढे अयोग्य मानतात. विहिरीची आरएससी उणे ३ आहे आणि बोअरची साडेपाच.

साडेपाच याचा अर्थ असा की हे पाणी रानात सुकू लागले की त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट होऊन खाली बसेल, सोडियम एकटेच उरेल आणि ते चिकणमातीच्या कणांवर चढेल. आपल्या कन्हार, म्हणजे भारी काळ्या, जमिनीतील माती मुळातच फुगणारी आहे. सोडियम चढले की कण विखुरतात, रंध्रे बुजतात, पाणी वर साचते, वरचा थर पापुद्र्यासारखा टणक होतो आणि वाफसा वेळेवर येत नाही. चोपण जमिनीची ही सुरुवात आहे. पहिल्या वर्षी पीक चांगले दिसते आणि त्यामुळे शेतकरी निश्चिंत राहतो. दुष्परिणाम दोन-तीन हंगामांनी, तोही आधी सखल तुकड्यात दिसतो. पावसाळ्यात जवळपास क्षारविरहित पाणी पडते तेव्हा तर विखुरणे वाढते. नागपूर काटेकोर अर्थाने अर्धशुष्क प्रदेशात येत नाही, वर्षाला १,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो. पण तो बहुतेक चार महिन्यांत पडतो आणि उरलेल्या आठ महिन्यांत बाष्पीभवन चालू असल्याने ओलिताच्या रानातील क्षारांचे गणित अर्धशुष्क प्रदेशासारखेच मांडावे लागते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात सोडियमयुक्त काळ्या जमिनीचे काय होते हे अकोला-अमरावतीचे शेतकरी जाणतात.

सुदैवाने आपल्याजवळ उपाय आहे आणि तो म्हणजे हीच ‘निकृष्ट’ विहीर. तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे. एक भाग बोअर आणि दोन भाग विहीर असे मिश्रण केल्यास आरएससी जवळजवळ शून्यावर येते आणि एसएआर २.६ होते. बोअरचे पाणी विहिरीत सोडून तेथून उपसा करणे सोपे वाटते; पण प्रमाण राखायचे असेल तर वेगळ्या टाक्यात किंवा शेततळ्यात मिसळणे बरे. एप्रिल-मेमध्ये विहीर आटते तेव्हा निम्मे-निम्मे केले तरी आरएससी १.३ च्या आसपास राहते, आणि तेवढे एका हंगामापुरते चालेल.

बोअर एकटीच वापरायची वेळ आली तर जिप्सम लागेल. १ मिलीइक्विव्हॅलंट आरएससी निष्प्रभ करायला दर हेक्टर-सेंटीमीटर पाण्यामागे शुद्ध जिप्सम ८.६ किलो लागते. साडेपाचवरून अडीचवर यायचे तर ५ सेंटीमीटरच्या एका पाळीला सुमारे १३० किलो, आणि बाजारात मिळणारे जिप्सम ७० टक्के शुद्ध धरल्यास सुमारे १८५ किलो प्रति हेक्टर, म्हणजे एकरी ७५ किलो. प्रत्येक पाळीला एवढा खर्च परवडतो का हे आपणच पाहावे; मला मिश्रण अधिक व्यवहार्य वाटते. ठिबकवर हे पाणी चालवल्यास ड्रिपरमध्ये चुन्याचे थर बसतील, त्यासाठी वेळोवेळी आम्लप्रक्रिया करावी लागेल.

विहिरीतील नायट्रेट पिण्यासाठी दोष आहे, तेच शेतासाठी खत आहे. ९६ मिलीग्रॅम नायट्रेटमध्ये सुमारे २२ मिलीग्रॅम नत्र असते. म्हणजे १० सेंटीमीटर पाणी दिले की हेक्टरी २२ किलो नत्र रानात जाते, जे जवळपास एका युरिया पोत्याइतके आहे. मिश्रणात विहिरीचा वाटा दोन तृतीयांश असल्याने त्या हिशेबाने युरिया कमी करावा. खत आहे तेवढेच दिल्यास मिरचीची पालेदार वाढ होईल, फळधारणा लांबेल आणि उरलेले नायट्रेट पुन्हा याच विहिरीत झिरपेल.

काही अहवालांत मॅग्नेशियम गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेतील मॅग्नेशियमचा वाटा) ५० टक्क्यांच्या वर गेले की पाणी अयोग्य ठरवतात. आपल्या विहिरीचे ४४ असल्याने तो प्रश्न येथे येत नाही; पण काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना या एका आकड्यावरून घाबरलेले मी पाहिले आहे. काळ्या पाषाणातील पायरॉक्सिन व ऑलिव्हिनमुळे त्या भागात मॅग्नेशियम स्वभावतःच जास्त असते, आणि आरएससी व एसएआर चांगले असताना केवळ या गुणोत्तरावर बाग धोक्यात आहे असे मी म्हणणार नाही. संत्र्याला चिंता करायची ती क्लोराइड आणि बोरॉनची. जंबेरी खुंटावरील झाडे रंगपूर लिंबाच्या खुंटापेक्षा क्लोराइडला लवकर बळी पडतात.

पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. मे महिन्याच्या एका नमुन्यावर कायमचा निर्णय घेऊ नये. बोअर किमान अर्धा तास चालवून, वाहकता स्थिर झाल्यावर नमुना घ्यावा. विहिरीचा नमुना उपसा सुरू असताना घ्यावा, काठावरून बादली बुडवून नव्हे. एक लिटरची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी, म्हणजे आत हवा राहणार नाही. सामू जागेवरच मोजावा, कारण कर्बवायू निघून गेला की तो बदलतो. जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली आणावी, ती विसळू नये, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. बोरॉन आणि लोह यांची तपासणी त्यात जोडून घ्यावी. त्याच वेळी मिरचीच्या रानातील सखल आणि उंच अशा दोन जागांची माती, वरच्या ३० सेंटीमीटरपर्यंत, विनिमयक्षम सोडियमसाठी द्यावी. बोअर सुरू झाल्यापासून त्या रानाला किती पाळ्या दिल्या तेही कळवावे, म्हणजे जमिनीला जिप्समची गरज आहे की नुसते मिश्रण पुरेसे आहे, हे नेमके सांगता येईल.